सहा चिंचोके आणि वसईची खाडी

विरार लोकल भाईंदर सोडून पुलावर आली की डब्यातली माणसं क्षणभर मोबाइलमधून मान वर काढतात. खाली खाडी, मध्ये पाणजू बेट, पलीकडे नायगाव. कधी पाणी काठाला टेकलेलं, कधी नुसता चकाकणारा चिखल आणि त्यात रुतून बसलेल्या होड्या. आमच्या टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळासाठी प्रसंग लिहिताना खेळाडूंच्या वाटेत आडवं यायला काहीतरी हवं होतं, तेव्हा आम्ही हीच खाडी घेतली. काल्पनिक दरी डोळ्यांपुढे उभी करायला दहा वाक्यं लागतात, या खाडीला एक पुरतं.

टेबलटॉप रोल-प्लेइंग ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक जण गेम मास्टर, तो परिस्थिती सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी असं करतो’ म्हणतात. निकालाबद्दल शंका असेल तेव्हाच फासा पडतो. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापून आला तेव्हापासून सांगाडा हाच आहे. आम्ही त्याची २०१४ची पाचवी आवृत्ती वापरतो, पात्रं तिसऱ्या लेव्हलची. फासा वीस बाजूंचा, म्हणजे प्रत्येक अंक पाच टक्क्यांचा. फासा टाकून काम जमलं का बघणं म्हणजे चेक. पडलेल्या अंकात पात्राच्या कसबाचा बोनस मिळवायचा, आणि गाठायच्या आकड्याला डीसी म्हणतात.

प्रसंग १७३९चा. चिमाजी अप्पांचा वसईला वेढा पडलेला, बुरुजांखाली सुरुंग लावायची तयारी चाललेली. खेळाडूंनी एका रात्रीत भाईंदरच्या काठावरून बंदुकीच्या दारूचे चार बुधले नायगावच्या बाजूला पोचवायचे. एक बुधला उचलायला दोन माणसं. भिजला की वाया. वेढा खरा, सुरुंग खरे, त्याच वर्षी मे महिन्यात किल्ला पडला हेही खरं. बुधल्यांचा हा प्रवास मात्र आम्ही रचलेला.

पहिला खर्डा एका ओळीचा होता: ‘फिरंग्यांच्या गस्तीच्या मचव्याची नजर चुकवून खाडी पार करा. लपण्याचा चेक, डीसी १२.’ कागदावर हा सोपा वाटतो. पात्राला लपण्याचा बोनस पाच असेल तर फाशावर सात किंवा वर पडलं की झालं, म्हणजे सत्तर टक्के. पण पाच जण आहेत, प्रत्येकानं टाकायचा आणि एकाचा चुकला तरी मचव्यावर हाकाटी. सत्तर टक्के पाच वेळा एकमेकांत गुणले की उरतात जेमतेम सतरा. तेही सगळ्यांचा बोनस पाच धरून. चिलखतवाला एकजण असतोच आणि त्याच्या नावानं टेबल बोटं मोडतं.

यावर नियमांतच उतारा आहे. गटाचा चेक घ्यायचा, निम्मे किंवा जास्त पार पडले की सगळे पार. पाचांपैकी तिघे. मग तेच सतरा टक्के चौऱ्याऐंशीवर जातात. गणित सुधारलं, पण अडचण होती तशीच राहिली. दार एकच, किल्ली एकच, आणि ज्याच्या पात्राला लपता येत नाही त्यानं अर्धा तास वेफर खात बसायचं. शिवाय रविवारी मेगाब्लॉक असला की सहा येणार म्हणालेल्यांपैकी तिघेच दारात उभे राहतात. त्यांच्यासाठी हा चेक निराळाच होऊन बसतो.

तेव्हा चेक खोडला आणि खाडीच नीट लिहून काढली.

कोकणपट्टीत भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणनं गुणा, येतील तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. पाणी आत यायला थोडा वेळ लागतो, म्हणून आम्ही मध्यरात्रीचे बारा धरले. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. मे महिन्यात मुंबईकडे सूर्य सहाच्या जरा पुढे उगवतो. म्हणजे अमावास्येच्या रात्री बाराला खाडी तुडुंब, आणि तळ उघडा पडतो तो नेमका उजाडताना. प्रसंग अमावास्येला ठेवला आणि घड्याळ आपोआप हाती आलं. आम्हाला काही रचावंच लागलं नाही.

घड्याळ म्हणजे सहा फोडलेले चिंचोके. चिंचोका दगडावर घासून उभा फोडला की एक बाजू पांढरी निघते, एक तपकिरी राहते. गावाकडे सोंगट्यांच्या खेळात फाशाऐवजी हेच टाकायचे. सहाही पांढरे वर करून टेबलाच्या मध्ये मांडायचे. तास गेला की एक पालथा. आधी आम्ही ही मोजदाद गेम मास्टरच्या पडद्यामागे ठेवली होती आणि ती चूक होती. वेळ संपत चाललाय हे खेळाडूंना दिसत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक उशीर त्यांना आमची मनमानी वाटायचा. चिंचोके समोर आल्यावर ‘हे केलं तर किती पालथे होतील?’ असा प्रश्न तेच विचारायला लागले. हा प्रश्न ऐकू आला की अर्धं काम झालं.

पाणी सारख्या वेगानं उतरत नाही. दर्यावर्दी बारा भागांचा हिशेब धरतात: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. उधाणाला फरक चार मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी फूटभर उतरतं, दुसऱ्यात दोन फुटांवर आणि दोन ते चारच्या दरम्यान दर तासाला मीटरभर. हे चिंचोक्यांवर असं बसवलं: पहिले दोन तास त्या मानानं शांत, होडीची एक खेप एका चिंचोक्यात. तिसरा-चौथा ओढीचा, तीच खेप दोन चिंचोक्यांची आणि होडी समुद्राकडे खेचली जाते. पाचव्यापासून दोन्ही काठांना चिखल, होडी काठाला लागत नाही. होडीत एका वेळी दोनच बुधले. आता खेळाडूंनी काहीही ठरवलं तरी आम्हाला उत्तर शोधत बसावं लागत नाही. कितवा चिंचोका चाललाय तेवढं बघायचं.

यानंतर माणसं. प्रत्येकासाठी हाताएवढं एक कार्ड आणि त्यावर चारच ओळी. तांडेलाचं कार्ड जसंच्या तसं:

तांडेल. होडी त्याची.
हवं: पाणी थांबलंय तोवर डोल उचलायची.
भीती: होडी फिरंग्यांनी जप्त केली तर घर बुडालं.
करणार नाही: ओढीच्या पाण्यात होडी घालणार नाही, कितीही पैसे द्या.

डोल म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. ते प्रवाहाच्या जोरावर भरतं आणि पाणी थांबतं त्या थोड्या वेळातच उचलता येतं. हे कार्डावर आलं तेव्हा प्रसंगाला पहिल्यांदा धार आली. टेबलावर ते असं उतरतं:

‘मामा, पलीकडे सोडाल का? चार बुधले आहेत.’

‘सोडीन. पन माजी डोल कोन उचलील?’

इथे टेबल गप्प होतं. डोल उचलायला हात लावला तर पहिला चिंचोका गेला. पण मग होडीत मासळी, अंगाला वास आणि मचव्यासमोरून जायला सबब, हे सगळं फुकटात. नाही लावला तर तांडेल नाही, होडी मात्र चोरता येते. बरोबर उत्तर कुठलं ते आम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही माहीत नाही.

मचव्याचं कार्ड: सहा माणसं, पाणजूच्या आडोशाला नांगर. हवं: रात्र निमूट जावी. भीती: मचवा चिखलात रुतून सकाळी मराठ्यांच्या हाती लागणं. करणार नाही: तिसऱ्या चिंचोक्यानंतर खोल पाणी सोडून काठाकडे येणार नाही. नायगावच्या बाजूला तिवरांत एक चौकी, दोन माणसं आणि एक कुत्रा. कुत्र्यालाही कार्ड आहे. त्याला हवं ते उघड आहे.

‘करणार नाही’ ही ओळ सर्वांत कामाची. ‘हवं’ आणि ‘भीती’ यांवरून खेळाडू सौदा करतात, पण ‘करणार नाही’मुळे गेम मास्टरचे हात बांधले जातात. नाहीतर टेबलावर काय होतं ते प्रत्येक गेम मास्टरला ठाऊक आहे. खेळाडूंनी झकास डोकं लढवलं, आपण दोन तास केलेली तयारी पाच मिनिटांत पार होताना दिसली, की हळूच एक जादा पहारेकरी झाडामागून निघतो. डीसी मनातल्या मनात १२चा १५ होतो. लवचीकतेच्या नावाखाली हे सर्रास चालतं. हे खेळाडूंना कळत नाही असं समजू नये. तिसऱ्या सेशनपर्यंत ते डोकं लढवणंच सोडून देतात, कारण काहीही केलं तरी तेवढाच त्रास होणार हे त्यांच्या लक्षात आलेलं असतं. मचवा काठाला येत नाही असं आधी शाईनं लिहिलं असेल तर येत नाही. खेळाडूंनी ते हेरलं आणि चौथा चिंचोका होईपर्यंत थांबले, तर ती त्यांची कमाई.

फासा चुकला तर काय, हे सगळ्यात जास्त वेळा बदललं. ‘जमलं नाही’ म्हणून पुढच्यानं टाकायचा, मग त्याच्या पुढच्यानं, यात रात्र जाते आणि खाडी होती तिथेच असते. दोन फाशांच्या खेळांमध्ये याची सोय आहे. २०१०च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये दहा किंवा वर म्हणजे पूर्ण यश, सात ते नऊ म्हणजे जमलं पण किंमत मोजून. दोन फाशांवर सात ते नऊ पडायची शक्यता छत्तिसात पंधरा, बेचाळीस टक्क्यांच्या आसपास. वीस बाजूंच्या फाशाला असं मधलं घर नाही, म्हणून आम्ही ते पाडलं: चार किंवा कमीनं चुकलं तर काम होतं, पण किंमत द्यायची. त्याहून जास्त चुकलं तर किंमतही जाते आणि कामही होत नाही. डीसी १२ला पाचचा बोनस असणाऱ्याला सत्तर टक्के स्वच्छ यश, वीस टक्के किमतीचं, दहा टक्के सपशेल. बोनस शून्य असणाऱ्याला पंचेचाळीस, वीस, पस्तीस. चिलखतवालाही मग फासा उचलतो.

किंमत चार प्रकारची, चार चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर उघडी: एक चिंचोका पालथा, एक बुधला भिजला, कुणाची तरी उधारी झाली, अंगावर जखम. कुठली द्यायची ते खेळाडूनं ठरवायचं, मात्र एकच किंमत लागोपाठ दोनदा देता येत नाही. हा शेवटचा नियम नंतर घातला. तो नव्हता तेव्हा सगळे जखमच निवडायचे, कारण पाचव्या आवृत्तीत रात्रभर विश्रांती घेतली की गेलेले हिट पॉइंट, म्हणजे अंगातली ताकद, सगळे परत मिळतात. फुकटच होतं ते. उधारीची चिठ्ठी मात्र कुणी घ्यायला बघत नाही आणि पुढच्या सेशनला तीच सर्वांत जास्त कामाला येते.

खेळाडू कमीजास्त आले तर डीसीला हात लावायचा नाही. तिघे आले तर दोन बुधले, चौघे तर तीन, पाच-सहा आले तर चार. ओझं आणि हात यांचं प्रमाण सांभाळलं की बाकीचं सांभाळलं जातं. आधी आम्ही पहारेकरी कमी करायचो. त्यानं काही होत नाही, कारण बहुतेक टेबलं मचव्याशी लढतच नाहीत. लढलीच तर हिशेब असा: नियमपुस्तक शत्रूचा भार पॉइंटांत मोजतं, साधा पहारेकरी पंचवीसचा. सहा जणांचे दीडशे, तीन ते सहा शत्रूंसाठी दुप्पट, म्हणजे तीनशे. तिसऱ्या लेव्हलच्या चार पात्रांना सोप्या लढाईची रेषा बरोबर तीनशेवर आहे. दहा पहारेकरी केले तर अडीचशे गुणिले अडीच, सव्वासहाशे, मध्यम लढाईच्या सहाशेच्या किंचित वर. आम्ही सहाच ठेवले. मचव्यावरची लढाई जिंकणं अवघड नाही, अवघड आहे ती गुपचूप जिंकणं. बंदुकीचा एक बार म्हणजे दोन चिंचोके पालथे आणि चौकी जागी.

सगळा प्रसंग सोपा किंवा कठीण करायचा तर तिथी बदला. शुक्ल अष्टमी घेतली तर भरती संध्याकाळी सहाला, ओहोटी मध्यरात्री, आणि नंतर पाणी पहाटेपर्यंत चढत जातं. वेळ जाईल तशी होडी काठाच्या जवळ येते. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं पाणी, म्हणून ओढही कमी. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे थांबणाऱ्याला अंधारही मिळतो. नवख्या खेळाडूंना हे टेबल द्यावं. वद्य अष्टमीला पाणी तेच, पण चंद्र मध्यरात्री उगवतो. एका शब्दानं सगळी आखणी उलटी.

पुरेशी मोकळीक दिली की खेळ आपोआप रंगतो, ही समजूत पहिल्याच टेबलावर गळून पडली. ‘तुम्ही काठावर आहात, रात्र आहे, पलीकडे जायचंय. काय करता?’ एवढ्यावर पाऊण तास नुसती चर्चा झाली. हातात धरायला काही नव्हतं. आता सुरुवातीच्या वर्णनात तीन वस्तू ठरवून येतात: नांगरलेली होडी, पाण्यातून वर आलेले डोलीचे खुंट आणि काठावरच्या झोपडीला लावलेले माडाच्या झावळ्यांचे झाप. त्यांचा उपयोग आम्ही सांगत नाही. तीनच. पाच ठेवल्या तर लोक यादी करत बसतात. चर्चा लांबली तर दर पंधरा मिनिटांनी एक चिंचोका, हे आधीच सांगून ठेवलेलं असतं. एकदाच पालथा करावा लागतो, पुढे हात चिंचोक्याकडे नेला तरी पुरतं.

झापांचा उपयोग एका टेबलानं असा केला. तांडेलाला रिकाम्या होडीसकट डोलीवर पाठवलं, मचव्याचं लक्ष तिकडे. स्वतः खुंटांना दोर बांधत बुधले एकेक करून पाणजूच्या चिखलापर्यंत आणले आणि पाचव्या तासाला झाप चिखलावर अंथरून त्यांवरून बुधले ओढत न्यायला लागले. हे आमच्या कुठल्याही कागदावर नव्हतं. अशा वेळी तीन प्रश्न विचारायचे, तेही मोठ्यानं: हे होण्यासारखं आहे का? आड काय येतंय? चुकलं तर कुठली किंमत जाईल? झापानं वजन पसरतं, तेव्हा होण्यासारखं आहे. आड येतो तो मधला पाण्याचा पट्टा, तो उथळ झाला तरी आटत नाही. किंमत भिजलेल्या बुधल्याची. डीसी १२, एकच गटाचा चेक. वीस सेकंदांत निकाल. त्याला पाच मिनिटं लागली असती तर कल्पना तिथेच विझली असती.

मंत्रवाल्यांची भीती बाळगू नये. मिस्टी स्टेपनं तीस फूट पलीकडे जाता येतं, पण फक्त मंत्र म्हणणाऱ्याला, बुधल्याला नाही. अडचण माणसानं पलीकडे जाण्याची असती तर मंत्रानं ती मोडली असती. ती ओझ्याची आहे, म्हणून मंत्र फक्त मदत करतो. प्रसंग लिहून झाला की पात्रांचे कागद घेऊन बसावं आणि प्रत्येक मंत्रासमोर ‘हे चालेल’ असं लिहिता येतं का बघावं. ‘हे चालू देता कामा नये’ असं एकाही ठिकाणी वाटलं तर दोष मंत्राचा नाही, प्रसंग बदलावा.

सहावा चिंचोका पालथा झाल्यावर काय, हेही आधीच लिहून ठेवतो, नाहीतर शेवटाला हात आखडतो. जितके कोरडे बुधले पोचले तितके सुरुंग, एकही आला नाही तर त्या बाजूचा बुरूज आणखी काही दिवस उभा. चौकी जिवंत असेल तर उजेडात तिला चिखलातल्या खुणा दिसतात. पाणी पुन्हा चढायला लागलं तरी पहिल्या दोन तासांत ते चौथा हिस्साच चढतं, म्हणजे काठाजवळची पावलं आठपर्यंत तशीच. पुढचं सेशन आम्ही तिथूनच सुरू करतो, नवे सहा चिंचोके मांडून.